वाय-फाय दिसेना? कार्ड बदलायची घाई नको

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स फुकट बसतं. पण कधी कधी वाय-फायच दिसत नाही. कुणी म्हणतं, कार्ड गेलं, नवीन घ्या. आम्ही सांगवीच्या बचत गटातल्या बायका सांगतो, गटाच्या पैशाला हात लावण्याआधी एवढं करून बघा.

बरेचदा कार्ड धड असतं, त्याला चालवणारा ड्रायव्हर तेवढा नसतो. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना तो वेगळा घालावा लागतो.

आधी वाय-फायचं बटण आणि एअरप्लेन मोड बघा. मग टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय ही लहान इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा, एंटर दाबा. यादीत 'नेटवर्क' शब्दापुढे कार्डाचं नाव येईल. वहीत लिहून घ्या.

ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागतं, आणि अडलंय तर तेच! म्हणून अँड्रॉइड फोन केबलने जोडा, मोबाइल डेटा आणि 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लॅपटॉपला फोनचं नेट मिळेल. आता 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा.

यादीत वाय-फाय कार्डाचं नावच नसेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याला दाखवा. वही सोबत न्या.