सुईविना यकृतपरीक्षा आणि आपली चिकित्सा

‘यकृताचा तुकडा काढून तपासावा लागेल’ असे सांगितले गेल्यावर घाबरून आपल्याकडे वळलेले रुग्ण प्रत्येक वैद्यास परिचित आहेत. बायॉप्सी नको, काढा द्या, एवढीच त्यांची विनवणी असते. आपण दोष-दूष्यांचा विचार करून कुटकी, भूम्यामलकी, फलत्रिकादि क्वाथ, आरोग्यवर्धिनी यांची योजना करतो. दोन महिन्यांनी एसजीपीटी उतरलेली दिसते आणि रुग्ण व वैद्य दोघेही समाधान पावतात. मात्र त्या यकृतात तंतूंचे जाळे किती पसरले आहे, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. एसजीपीटी यकृतपेशींचा चालू क्षण सांगते. वर्षानुवर्षे साचलेले व्रण ती सांगत नाही. सिऱ्होसिस प्रस्थापित झालेल्या अनेक रुग्णांत हा आकडा प्राकृत मर्यादेत आढळतो. सुईच्या भयास्तव यकृताची खरी अवस्था अज्ञात ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही, हे व्यावसायिक बंधुभगिनींपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

बायॉप्सीविषयी प्रथम न्याय्य बोलले पाहिजे. इटलीच्या मेंगिनी यांनी 1958 साली क्षणार्धात नमुना घेणारी सुई प्रचारात आणली आणि यकृतविकारांचे आजचे बरेचसे ज्ञान त्या नमुन्यांतूनच उभे राहिले. तरीही काढलेला तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे 50,000 व्या भागाएवढाच असतो. व्रण सर्वत्र सारखे पसरलेले नसल्याने एका जागी सौम्य तर शेजारी तीव्र अवस्था सापडू शकते. वेदना बऱ्याच जणांना होतात. क्वचित रक्तस्रावही होतो. दर सहा महिन्यांनी ही परीक्षा करणे तर अशक्यच.

पर्यायांपैकी सर्वांत स्वस्त पर्याय रुग्णाच्या फाइलमध्ये आधीपासूनच पडलेला असतो. 2006 साली मांडलेल्या ‘फिब-4’ या गणितास वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढेच पुरते. वयास एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या आकड्यास एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकारास दुसऱ्याने भागावे. समजा, वय 52, एसजीओटी 68, एसजीपीटी 49, प्लेटलेट 1.40 लाख. येथे पुष्कळांची गफलत होते ती लाखाच्या आकड्यात: गणितात 1.40 नव्हे, 140 धरावयाचे. 52 गुणिले 68 म्हणजे 3536, 140 गुणिले 7 म्हणजे 980, भागाकार 3.6. आकडा 1.3 पेक्षा कमी असल्यास प्रगत तंतुमयता बहुधा नाही, 2.67 च्या वर असल्यास तिची दाट शंका घ्यावी. आपल्या उदाहरणातील एसजीपीटी पाहून ‘किंचित वाढली आहे’ असेच कोणीही म्हणाला असता! पासष्टीनंतर खालची मर्यादा 2 धरतात आणि पस्तिशीच्या आत हे गणित फारसे विश्वसनीय नाही. तीव्र कामलेत तर ते करूच नये. त्या वेळी एंझाइमे भलतीच चढलेली असतात.

या गणितात प्लेटलेट का, असा प्रश्न साहजिक आहे. यकृत कठीण झाले की प्रतिहारिणी सिरेतील दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूळे एकत्रच सांगणाऱ्या संहिता येथे आठवतात. मात्र त्यावरून प्राचीनांना आजची सर्व गणिते ज्ञात होती, असे व्यासपीठावरून म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.

दुसरा पर्याय यंत्राचा. फ्रान्समध्ये विकसित झालेले आणि 2003 पासून वैद्यकीय साहित्यात वर्णिलेले फायब्रोस्कॅन आता आपल्या मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. उजव्या बरगड्यांमधील जागेवर यंत्राची दांडी टेकवून सौम्य धक्का देतात. त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते हे ध्वनिलहरींनी मोजले जाते. कलिंगडावर टिचकी मारून पारख करणारा फळवाला डोळ्यांसमोर आणावा. मऊ यकृतात लहर मंद, कठीणात वेगवान. वेग सेकंदास 1 मीटर असेल तर काठिण्य सुमारे 3 किलोपास्कल. वेग दुप्पट झाला की आकडा चौपट, म्हणजे 12. दहा मोजण्यांचा मध्य घेतात. तपासला जाणारा भाग बायॉप्सीच्या तुकड्याच्या किमान शंभरपट असतो. मेदयुक्त यकृतात 8 किलोपास्कलच्या खालचा आकडा आश्वासक मानतात. उदरात जलसंचय असल्यास हे यंत्र निरुपयोगी ठरते. अर्थात जलोदर प्रत्यक्ष दिसत असता यंत्राची वाट पाहण्याचे प्रयोजनही नाही.

परंतु काठिण्य म्हणजे केवळ तंतू नव्हेत, आणि आपल्या व्यवसायासाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. यकृतशोथ, पित्तमार्गाचा अवरोध, हृदयदौर्बल्यामुळे यकृतात साचलेले रक्त, इतकेच काय, नुकतेच केलेले भोजनही आकडा वाढवते. म्हणून तपासणीपूर्वी किमान तीन तास उपाशी राहण्यास सांगतात. साहजिकच शोथ शमला की आकडा उतरतो. औषधापूर्वी 14 व नंतर 9 असे दोन कागद शेजारी छापून ‘सिऱ्होसिस बरा झाला’ असे घोषित करणे आम्हांस सर्वथा असमर्थनीय वाटते. पहिल्या तपासणीच्या वेळी एसजीपीटी 200 असेल तर ती घट तंतूंची की शोथाची, हे त्या कागदावरून कोणीही सांगू शकणार नाही.

बायॉप्सी कालबाह्य झाली, असाही याचा अर्थ नाही. हे सर्व पर्याय यकृत किती बिघडले ते सांगतात. कशाने बिघडले ते सांगत नाहीत. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला आणि गुळवेलीशी साम्य असणाऱ्या वेगळ्या वनस्पतीची शक्यता पुढे केली. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: औषधजन्य विकार आणि शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेला हल्ला यांतील भेद करताना सुईने काढलेला तुकडाच साक्षीस बोलवावा लागतो. अशा प्रसंगी तज्ज्ञाने बायॉप्सी सुचविली असता रुग्णास आपण परावृत्त करू नये.

औषधालयचालकांच्या हातीही बरेच आहे. यकृताची टॉनिके चिठ्ठीविना मागणारे गिऱ्हाईक दर महिन्यास येत असेल, तर शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली एवढे विचारावे. मधुमेही, स्थूल अथवा मद्यपी असल्यास त्यास वैद्याकडे धाडावे. मधुमेही मेदयुक्त यकृतात फिब-4 आज कमी आले तरी एक-दोन वर्षांनी पुन्हा काढावयाचे असते. फायब्रोस्कॅनच्या आकड्याशेजारी दिनांक, उपवासाचे तास आणि त्या आठवड्यातील एसजीपीटी व बिलिरुबिन रुग्णपत्रकात लिहून ठेवावे.