बुडबुड्यानें बांधलेलें कलम

आमच्या वडील वहिनींचें वय पंचाहत्तर. मोतीबिंदु काढल्यानंतर कांहीं काळानें त्यांच्या उजव्या डोळ्यापुढें धुकें येऊं लागलें. सकाळीं दाट, दुपारीं थोडें विरळ. घरांतील सारीं व्रतवैकल्यें ज्यांच्या मुखोद्गत, त्यांनींच "भाऊजी, आज तिथि कोणती?" असें रोज विचारावें, हें आम्हांस फार लागे.

डोळ्याच्या पुढील काचेसारख्या पटलास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. त्याच्या आंतील बाजूस पेशींचा एकच थर असतो, आणि पटलांत झिरपणारें पाणी तो अहोरात्र उपशीत असतो. मनुष्याच्या डोळ्यांत या पेशी नव्यानें उत्पन्न होत नाहींत. त्या फार घटल्या कीं पटल सुजून गढूळ होतें. रात्रीं पापण्या मिटलेल्या असल्यानें पाणी वाळून जात नाहीं; म्हणून सकाळचें धुकें अधिक.

७ डिसेंबर १९०५ रोजीं मोराव्हियांतील ओल्म्युट्झ येथें डॉ. त्सिर्म यांनीं चुन्यानें डोळे भाजलेल्या एका मजुरास दुसऱ्याचें पटल बसवून दृष्टि दिली. पुढें पुष्कळ वर्षें सबंध पटलच बदलून तें टाक्यांनीं शिवीत. रॉटरडॅमच्या डॉ. मेलेस यांनीं १९९८ सालीं केवळ आंतील भाग बदलण्याची वाट दाखविली, आणि २००६ पर्यंत ती इतकी सूक्ष्म झाली कीं, मृताच्या डोळ्यांतून घेतलेला तो पापुद्रा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून फारसा जाड नसतो. तो भूर्जपत्राप्रमाणें आपोआप गुंडाळला जातो. त्यास निळा रंग देऊन डोळ्यांत सोडतात, हलक्या टिचक्या मारून उलगडतात, आणि खालून हवेचा बुडबुडा भरून पटलास चिकटवितात. आंब्याचें कलम सुतळीनें बांधतात; हें बुडबुड्यानें!

खरी धास्ती पुढेंच. कलम व पटल यांमध्यें पाणी राहिलें तर कलम सुटतें. म्हणून शस्त्रवैद्य पटलाच्या पृष्ठभागावरून उपकरण दाबीत फिरवून तें पाणी कडेला सारतात. थोड्या जाड कलमाच्या प्रकारांत पटलास सूक्ष्म छेद देऊनही तें बाहेर काढतात. हवा लवकर विरते, म्हणून कांहीं वैद्य तींत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायु मिसळतात. तो अधिक दिवस टिकतो; मात्र तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. बुडबुड्यानें बाहुलीची वाट अडून डोळ्यांतील दाब वाढूं नये, यासाठीं बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्यास खालच्या अंगास एक बारीक छिद्रही पाडतात.

इतकें करूनही उरलेलें काम रोग्याचें. बुडबुडा नेहमीं वर चढतो. उताणें निजलें तर वर पटल, आणि बुडबुड्याचा दाब बरोबर कलमावर; उठून बसलें कीं तो वरच्या कडेस जातो व खालची कड निराधार होते.

वहिनींना "पाठीवर निजा" एवढेंच सांगण्यांत आलें होतें. दुसऱ्या रात्रीं त्या भिंतीला टेकून जप करीत बसल्या. तिसऱ्या दिवशीं कलमाची खालची कड सुटलेली आढळली. तेंच कारण, असें डॉक्टर म्हणाले नाहींत. त्यांनीं पुन्हा हवा भरली. पण चाळीस वर्षें मुलांना "कां?" विचारावयास शिकविणाऱ्या आम्हांस घरांतल्या माणसाला तें "कां" सांगण्याचें सुचलें नव्हतें!

त्या संध्याकाळीं आम्हीं पाण्याची एक बाटली त्यांच्या चांगल्या डोळ्यापुढें धरली, आडवी केली, उभी केली, आणि आंतील बुडबुडा कोठें पळतो तें दाखविलें. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एवढें आधीं सांगितलें असतेंत तर!"

त्यानंतर तीन दिवस त्यांनीं छताकडे पाहत काढले. जेवणापुरत्या व न्हाणीघरापुरत्याच उठल्या. जप चालूच होता, निजून. आमची सून त्यांना पोथी वाचून दाखवी, आणि नातू बाटली घेऊन पहाऱ्यास बसे.

कड चिकटली. सकाळचें धुकें आतां गेलें आहे. पंचांग त्या भिंग लावून स्वतः वाचतात; चष्म्याचा नंबर मात्र डोळा स्थिरावल्यावर, कांहीं महिन्यांनीं ठरावयाचा आहे.