विषाणू कोणत्या प्राण्यातून आला, हे शोधतात कसे? संगमनेरच्या झिकापासून महाबळेश्वरच्या वटवाघळांपर्यंत

अहिल्यानगर : २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यापाठोपाठ संगमनेरमध्येही झिकाचे रुग्ण आढळले. हा विषाणू जगात पहिल्यांदा सापडला तो १९४७ मध्ये, युगांडातील झिका नावाच्या जंगलात, एका माकडाच्या रक्तात. मग संगमनेरकरांनी माकडांपासून जपून राहायचे का? तर नाही. विषाणूचे मूळ आणि त्याचा आजचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी असतात. हा फरक लक्षात आला की शास्त्रज्ञ प्राण्यांचे नमुने का गोळा करतात, हेही कळते.

झिका माकडात सापडला कसा?

तेव्हा शास्त्रज्ञ शोधत होते पिवळ्या तापाचा विषाणू. त्यासाठी जंगलात झाडांवरच्या मचाणांवर पिंजऱ्यांत माकडे ठेवली होती. त्यातील एकाला ताप आला आणि त्याच्या रक्तात नवाच विषाणू मिळाला. पुढच्या वर्षी त्याच जंगलातील एडिस जातीच्या डासांतही तो सापडला. म्हणजे साखळी माकड-डास-माकड अशी होती. शहरांत मात्र ती माणूस-डास-माणूस अशी चालते. घरातील साठवलेल्या पाण्यात वाढणारा एडिस इजिप्ती डास त्यासाठी पुरेसा असतो. म्हणून संगमनेरमध्ये उपाय एकच : पाण्याची भांडी झाकणे आणि आठवड्यातून एकदा कोरडी करणे.

पुरावा कशाला म्हणतात?

प्राण्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, तर त्याला पूर्वी कधीतरी संसर्ग झाला असावा, एवढेच कळते. जवळच्या नात्यातील दुसऱ्या विषाणूमुळेही चाचणी फसू शकते. घशाच्या किंवा विष्ठेच्या नमुन्यात विषाणूचा जनुकीय अंश मिळाला, तर पुरावा अधिक भक्कम होतो. प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवता आला, तर आणखी भक्कम. त्यानंतर रुग्णातील आणि प्राण्यातील विषाणूंची जनुकीय रचना ताडून त्यांची वंशावळ मांडली जाते.

तरीही एक प्रश्न उरतो. त्या प्राण्याने विषाणू माणसाला दिला, की दोघांनाही तो तिसऱ्याकडून मिळाला?

माकडतापात माकड दोषी आहे का?

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण दिसू लागले. पुण्यातील तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), याचा छडा लावला. विषाणू माकडांत होता, तसाच जंगलातील गोचिडींतही होता. माणसाला आजार होतो तो मुख्यतः गोचीड चावल्याने. माकड स्वतःच या आजाराचा बळी असते. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडींमुळे मात्र त्या जागी धोका वाढतो. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा आजार पसरला, तेव्हाही माकडांच्या मृत्यूंवर लक्ष ठेवावे लागले. जंगलात मेलेले माकड ही गावासाठी धोक्याची सूचना असते.

वटवाघळांवर संशय का?

निपाहचा पहिला मोठा उद्रेक १९९८-९९ मध्ये मलेशियात झाला. फळे खाणाऱ्या वटवाघळांतील विषाणू डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आला. २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोडेत निपाह आला, तेव्हा आधी तपासली गेली ती रुग्णाच्या घरच्या विहिरीतील वटवाघळे. ती कीटक खाणारी होती आणि त्यांच्यात विषाणू नव्हता. नंतर परिसरातील फळे खाणारी वटवाघळे तपासली, तेव्हा काहींमध्ये तो सापडला. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून शोध थांबवला असता, तर खरे ठिकाण सापडलेच नसते.

महाराष्ट्रातील उदाहरण महाबळेश्वरचे आहे. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्या पथकाने तेथील एका गुहेतून दोन जातींची ८० वटवाघळे पकडली. ३४ वटवाघळांत निपाहविरोधी अँटिबॉडी आढळल्या. त्यातील ३३ एकाच फळे खाणाऱ्या जातीची होती. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा राज्यात निपाहचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नव्हता. त्यामुळे महाबळेश्वरमध्ये निपाह आला, असा त्याचा अर्थ नाही. तापाचा संशयास्पद रुग्ण आल्यास डॉक्टरांनी निपाहचाही विचार करावा, एवढी पूर्वसूचना त्यातून मिळाली.

वटवाघळे मारून प्रश्न सुटेल का?

नाही. पकडण्या-मारण्यात माणसाचा त्यांच्याशी संपर्क उलट वाढतो, आणि उरलेली वटवाघळे नव्या जागी जातात. शिवाय ती परागीभवन करतात, बिया पसरवतात आणि पिकांवरील किडे खातात.

अहिल्यानगरकरांनी काय करावे?

घोडेगाव, काष्टी, लोणीचे जनावरांचे बाजार, घरोघरचे दुधाचे गोठे आणि पोल्ट्री शेड यांमुळे जिल्ह्यात माणूस आणि जनावरे अगदी जवळ राहतात. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबारमधील नवापूरच्या पोल्ट्रींतच झाला होता. म्हणून :

• कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मेल्या, तर त्या उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. विकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

• मेलेल्या माकडाला हात लावू नये. वन विभाग किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगावे.

• पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत. इतर फळे धुऊन खावीत.

• हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी ट्रेकला गेल्यावर गुहेतील वटवाघळांना हुसकावू नये.

• ताप आल्यावर डॉक्टरांना जनावरांशी आलेला संपर्क आणि अलीकडचा प्रवास आवर्जून सांगावा. विषाणूचा माग काढण्याची सुरुवात बहुतेक वेळा याच माहितीपासून होते.