शिष्यवृत्तीची परतफेड कशी मोजायची?

आजच्या गप्पांचा विषय गावात अजून नवा आहे, पण हळूहळू दारात येऊ लागला आहे. शिष्यवृत्ती मिळवून एम.ए., एम.एस्सी. करायला परदेशी जाणाऱ्या मुली. ऊसतोड करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या घरातल्या लेकीही आता अर्ज भरतात. आणि मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतात, ‘सरकार एवढा पैसा देतंय, मग ती घरी का पाठवत नाही?’ ‘शिकून परत येणार का, की तिकडचीच होणार?’ प्रश्न रास्त आहेत. म्हणून नीट समजून घेऊ.

परतफेड हा शब्द आपल्या फार ओळखीचा. कर्ज घेतले की हप्ता, व्याज, नोंदवहीत सही. पण शिष्यवृत्ती हे कर्ज नव्हे. तिचा हप्ता नसतो. तिच्याबरोबर अटी मात्र असतात, आणि त्या प्रत्येक योजनेत वेगळ्या असतात.

आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पुण्याचे समाजकल्याण आयुक्तालय चालवते. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांना संधी आहे, आणि त्यात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाचा क्रमांक यांचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. गेल्या वर्षी शेजारणीने सांगितलेले यंदा चालेलच असे नाही.

ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत एक वर्षाचे शिक्षण झाल्यावर निदान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावेच लागते. ती सर्व समाजातल्या मुलामुलींना खुली आहे, पण आधी कामाचा अनुभव लागतो. म्हणजे ‘परत येणार का?’ याचे उत्तर काही वेळा कागदावरच लिहिलेले असते. म्हणून पहिले काम हे की करारपत्र मराठीत समजावून घ्या. जामीनदार मागितला असेल तर सही करणाऱ्या काकांना, मामांना कशासाठी सही करतोय ते आधी कळले पाहिजे. गटाच्या कर्जाला जामीन राहताना आपण जेवढे विचारतो, तेवढे इथेही विचारायचे.

आता पैशाचे. शिष्यवृत्तीत साधारणपणे फी, राहण्या-जेवणाचा खर्च आणि विमानाचे तिकीट येते. राहण्याचा भत्ता त्या देशातल्या महागाईच्या मानाने ठरवलेला असतो. रुपयात मोजला की डोळे दिपतात, पण तिकडे खोलीचे भाडे आणि किराणा यातच तो जातो. शिवाय पैसे कधी कधी उशिरा जमा होतात. आणि निवड होण्याआधीचा खर्च, म्हणजे पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचे अर्ज, हा बहुतेकदा घरातूनच करावा लागतो. इथे गट खरा उपयोगी पडतो. अंतर्गत कर्जातून अशा खर्चाला हात देता येतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तासच काम करता येते. त्यामुळे ‘कमव आणि पाठव’ हा आग्रह धरला तर मुलगी अभ्यासही गमावते आणि झोपही. शिकते आहे तोवर तिच्याकडे घरखर्च मागू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मग समाजाचे ऋण कसे फेडायचे? यासाठी आपल्या घराघरात ज्यांचा फोटो आहे त्यांचेच उदाहरण घेऊ. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा सोडून ते परतले आणि करारानुसार बडोद्याला रुजू झाले. तिथे काय झाले? राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई फाइली लांबूनच टाकत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

म्हणजे करार पाळायला ते आले होते, पण समाजाने त्यांना जागा दिली नाही. पुढे त्यांनी मुंबईत प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन शिक्षण पूर्ण केले. त्या काळात मुंबईत संसार ओढला तो रमाबाईंनी. त्यांचे नाव कुठल्या करारात नव्हते. आजही लेक शिकायला गेली की तिच्या वाटची धुणीभांडी, आजारी सासू-सासरे, कधी तिचे लहान मूल सांभाळणारी घरात एखादी बाई असतेच. तिचा वाटा धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

बाबासाहेबांनी बडोद्याची दहा वर्षे भरली नाहीत. पण पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून शिष्यवृत्त्यांची तरतूद करून घेतली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. एकाला मिळालेला हात असा हजारोंपर्यंत गेला. आपल्या गटात तरी दुसरे काय होते? एकीने फेडलेले पैसे पेटीत पडून राहत नाहीत, पुढचीला मिळतात.

म्हणून मुलीकडून काय मागायचे ते आपण ठरवू. तिने पुढच्या मुलीचा अर्ज तपासून द्यावा. महिन्यातून एकदा दहावी-बारावीच्या मुलींशी फोनवर बोलावे. प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या भागाचे पाणी, आरोग्य, मजुरी याचा विचार करावा. नोकरी लागल्यावर जमेल तेवढे एका मुलीच्या परीक्षा-फीसाठी द्यावे. हे कुठूनही करता येते, गावात राहूनच करावे लागते असे नाही.

आणि आपणही काही द्यायला हवे. ती परतली तर पहिला प्रश्न ‘लग्न कधी?’ असा नसावा. तिच्या शिक्षणाला शोभेल असे काम तालुक्यात, जिल्ह्यात कुठे आहे ते शोधायला मदत करावी. ग्रामसभेत तिला बोलू द्यावे. बोलावून घेऊन दाराबाहेर उभे करायचे, ही बडोद्याची चूक आपल्या गावात नको.

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी नोंदवहीत लिहा. आपल्या वस्तीत पदवीच्या शेवटच्या वर्षाला किती मुली आहेत, त्यांतल्या किती जणींकडे जातीचा व उत्पन्नाचा दाखला तयार आहे, आणि अर्जाच्या खर्चासाठी गट किती रक्कम बाजूला ठेवू शकतो. दाखल्यांना वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.