कुतूहलाला गुण कोण देणार?

चाकणच्या पट्ट्यात 2009-10च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले आणि इंद्रायणीकाठचं निघोजे शेतीबरोबर कारखान्यांचंही गाव झालं. नदी, शिवार आणि यंत्रं इथल्या मुलांच्या रोजच्या नजरेत असतात. निरीक्षणाला आणखी काय हवं? पण मुलांच्या प्रश्नांना हात घालणारं शिक्षण पुणे जिल्ह्यात कारखान्यांच्या कितीतरी आधी आलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983मध्ये शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, वेल्डिंग, वीजजोडणी अशी गावाच्या गरजेची कामं करताना अडेल तिथे विचारायचं आणि त्यातूनच विज्ञान शिकायचं, ही तिथली रीत. पुढे 2002मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं तिथे फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर स्वतः वस्तू घडवायची कार्यशाळाही आली.

यात कुतूहल कमी आणि कारागिरीच जास्त, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे जोड मारणारा हात आणि जोड का सुटला हे शोधणारा हात, यांच्या शिक्षणात फरक आहे. पाबळनं दुसऱ्यावर भर दिला. परीक्षेचा आक्षेप मात्र जड आहे. दहावीच्या गुणांवर पुढचा प्रवेश ठरत असताना पालकांनी नदीकाठच्या निरीक्षणावर भरवसा का ठेवावा? याचं उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात शोधलं गेलं होतं. 1972मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुलं पुस्तक उघडं ठेवून लेखी परीक्षा देत आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. म्हणजे कुतूहलाला गुण देता येतात. सरकारनं 2002मध्ये तो कार्यक्रम बंद केला. सरकारी मर्जीवर उभ्या राहिलेल्या उपक्रमाचं हे दुखणंच आहे.

इतक्या मुलांच्या प्रश्नांना हात घालणं एका शिक्षकाला झेपेल का, ही शंकाही रास्त. निघोजे ज्या खेड तालुक्यात आहे, तिथल्याच जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलंच मुलांना शिकवतात. ती शाळा 2025मध्ये जागतिक उत्कृष्ट शाळा पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. तेव्हा सबब एकट्या शिक्षकाची नाही, आणि साधनांचीही नाही. मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा खर्च 2014पासून कायद्यानं लागू आहे. निघोज्याच्या शाळा व्यवस्थापन समितीनं कंपन्यांकडे आणखी एक स्मार्ट बोर्ड मागण्याऐवजी, मुलांच्या प्रश्नांसाठी त्यांच्या अभियंत्यांचे आठवड्याचे दोन तास मागावेत.