चित्रफितीआधी प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागातील मुलांना केळीची बाग नवी नाही. तरी केळीचे खोड दाखवायला सांगितले, की बोट उभ्या खांबाकडे जाते. प्रत्यक्षात तो खांब म्हणजे एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेले पानांचे तळ. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. यावर वर्गासाठी चित्रफीत करायची, तर तिची आखणी कशी करावी?

प्रथम, एका चित्रफितीत एकच प्रश्न घेऊ. केळीच्या जाती, खते, बाजारभाव यांना येथे जागा नाही.

दुसरे, जे हाताळता येते ते पडद्यावर कशाला? घड उतरवल्यावर तोडलेला खांब मुलांनीच आडवा कापावा. थरावर थर दिसतील. मात्र आतून वर सरकणारे नवे पान संथ गतीमुळे डोळ्यांना जाणवत नाही. कॅमेरा एकाच जागी ठेवून रोज ठरलेल्या वेळी छायाचित्र घ्यावे. ३० दिवसांची ३० छायाचित्रे सेकंदाला ५ या वेगाने दाखवली, की महिन्याची वाढ ६ सेकंदांत दिसते. निसवणीच्या वेळी कंदापासून निघालेला दांडा खांबाच्या मधून वर येतो. ते आकृतीने दाखवावे.

हीच कसोटी धुळे परिसरातील डाइकना लावता येईल. बेसॉल्टची ती भिंत मुलांनी जागेवर जाऊन पाहावी. भेगेत शिलारस शिरला, थिजला, भोवतालचा खडक झिजला आणि भिंत उरली, हा कोट्यवधी वर्षांचा क्रम मात्र चित्रांनी उलगडावा.

तिसरे, मुलांचा चुकीचा समज आधी मांडावा. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात याचे कारण सापडते. भौतिकशास्त्राचे नुसते सुबोध विवेचन विद्यार्थ्यांना सोपे वाटले, पण शिकणे थोडेच झाले; चुकीच्या समजांची चर्चा असलेल्या चित्रफितींनी अधिक शिकवले. सोपे वाटले म्हणजे समजले असे नव्हे!

चौथे, थांबण्याची जागा आधीच ठरवावी. पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत, तेव्हा शिक्षकाला ते मध्येच थांबवता येत नसत. आज मोबाइलवर ते सहज जमते. 'पुढचे पान कोठून निघेल?' असे विचारून थांबावे, उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, मगच पुढे जावे.

चित्रीकरणाआधी एवढे कागदावर उतरले, की चित्रफीत चार-पाच मिनिटांतही आपले काम करते.