जंबुपार प्रतिमा-वर्णपटमापकांचे तरंगलांबी अंशांकन

जंबुपार (अतिनील) प्रकाशाची प्रतिमा आणि वर्णपट एकत्र टिपणाऱ्या उपकरणाच्या डिटेक्टरवरील कोणता पिक्सेल कोणत्या तरंगलांबीचा, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस तरंगलांबी अंशांकन म्हणतात. अरुंद फटीतून आलेला प्रकाश विवर्तन जालकावर पडून विखुरतो. डिटेक्टरवर एका दिशेने फटीच्या लांबीवरील स्थान, तर तिच्याशी काटकोनात तरंगलांबी उमटते. फटीची प्रतिमा किंचित तिरपी वा वक्र पडते. म्हणून ही दुरुस्ती ओळीगणिक करावी लागते. तापमान बदलले की उपकरणाचे भाग आकुंचन-प्रसरण पावतात व सबंध वर्णपट सरकतो. साहजिकच प्रयोगशाळेतील अंशांकन अवकाशात पुरेसे ठरत नाही.

हबल दुर्बिणीवरील एसटीआयएस या वर्णपटमापकात त्यासाठी ज्ञात वर्णरेषा देणारे दिवे बसविलेले आहेत. सोहो यानावरील (प्रक्षेपण २ डिसेंबर १९९५) सुमेर या सौर वर्णपटमापकात मात्र असा दिवा नव्हता. तेथे सूर्यालाच दिवा मानावे लागले. सूर्याच्या वर्णगोलातील सिलिकॉन, कार्बन इत्यादींच्या उदासीन अणूंची सरासरी गती अत्यल्प असते असे धरून त्यांच्या रेषांशी पिक्सेल जुळविले जातात. हे गृहीतक आहे, मापन नव्हे, याचा विसर पडू नये.

संदर्भरेषा अचूक असूनही फसगत होऊ शकते, कारण डॉप्लर परिणामावरून वेग काढताना मोजावयाच्या रेषेची स्थिर तरंगलांबीही ठाऊक असावी लागते. सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनच्या रेषेची तरंगलांबी पूर्वी ७७०.४०९ अँगस्ट्रॉम मानली जाई. त्या हिशेबाने शांत सूर्यावरील हा वायू सेकंदाला सरासरी सुमारे ५ किमी वेगाने आपल्यापासून दूर, म्हणजे सूर्याकडे खाली जाताना दिसे. सूर्यबिंबाच्या कडेशी वर-खाली होणारी गती दृष्टिरेषेला आडवी असल्याने तेथे सरासरी सरक जवळजवळ शून्य असावी, या विचाराने १९९९ मध्ये सुमेरच्या निरीक्षणांवरून ७७०.४२८ हे मूल्य काढण्यात आले. फरक अवघा ०.०१९ अँगस्ट्रॉमचा, पण वेगात तो सेकंदाला सुमारे ७.४ किमी होतो. त्यामुळे खाली जाणारा वायू सुमारे २ किमी वेगाने वर येणारा ठरला. वर्णपट तोच, पट्टीवरील शून्य तेवढे हलले! सौर वाऱ्याच्या उगमाचा शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता.

हिनोदे उपग्रहावरील ईआयएस या उपकरणाच्या पट्ट्यांत वर्णगोलातील योग्य संदर्भरेषा नाहीत. तेथे बहुधा शांत भागातील सरासरी वेगच शून्य धरला जातो.